दाराकडे बघणारी माणसं

"ही बाई माझ्याकडं अशी का बघती?"

इराप्पा पेंटर चपला दारात काढून आत आले होते आणि हात पाठीमागं बांधून माझ्या भाजीवालीसमोर उभे होते. माझ्या चित्रप्रदर्शनाचा तो पाचवा दिवस. वाचनालयाच्या सभागृहात एकवीस चित्रं टांगलेली, आणि पाच दिवसांत अभिप्रायाच्या वहीत चार सह्या. त्यातल्या दोन वाचनालयाच्या शिपायाच्या.

"तुम्ही तिच्याकडं बघताय म्हणून," मी म्हणाले.

"बाजूला झालो तरी बघतीच की."

ते डावीकडं सरकले, मग उजवीकडं. भाजीवाली मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिली. कोल्हापूरच्या कलाशाळेत याच चित्रावर मला शाबासकी मिळाली होती. नजर अशी सरळ पकडणं सोपं नसतं, हे या बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला कुठून कळणार, असं माझ्या मनात आलं.

"काम चांगलं हाय," ते शेवटी म्हणाले. "हात बसलाय तुमचा. पर ही घरात लावता येनार न्हाई कुनाला."

"का?"

"हिच्यासमोर बसून जेवता येनार न्हाई."

एवढं बोलून, वहीकडं ढुंकूनही न बघता ते निघून गेले. माझं डोकं असं फिरलं की उरलेले तीन दिवस मी भाजीवालीचं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. आज मी त्यांना 'ते' म्हणते. तेव्हा मनातल्या मनात 'तो'च म्हणायची.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका, नाव मंदाकिनी शिंत्रे. आमचं गाव तालुक्याचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गावात खरा चित्रकार एकच, आणि तो म्हणजे मी, अशी माझी पक्की समजूत होती. गावाची समजूत वेगळी होती. दुकानाच्या पाट्या आणि ट्रकवरची अक्षरं रंगवणारे इराप्पा कडगावे हेच गावाचे चित्रकार, कारण गेलेल्या माणसाची तसबीर काढावी तर त्यांनीच. फाटका फोटो द्या, नाहीतर फोटो नसेल तर नाक कुणासारखं, कपाळ कुणासारखं ते तोंडी सांगा. ते त्या नात्यातलं माणूस समोर बसवून नाक उतरवून घ्यायचे, दुसऱ्याचं कपाळ घ्यायचे, आणि महिन्याभरात मेलेला माणूस फ्रेममध्ये बसून घरी यायचा. लोक म्हणायचे, "पेंटरनी काय जित्ता मानूस काढलाय."

त्या सगळ्या जित्त्या माणसांत एक खोड होती. एकही समोर बघायचा नाही. नजर बाजूला, बघणाऱ्याच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं. ज्या भिंतीवर लावायचं ती भिंत पेंटर आधी घरी येऊन बघून जायचे, आणि तसबीर लागली की तिचे डोळे बरोबर दाराकडं जायचे. गावात फिरलं की वाटायचं, इथले सगळे पूर्वज कुणी यायचंय म्हणून ताटकळलेत. माझं निदान सोपं होतं. या माणसाला समोरची नजर जमत नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

आमच्या घरीही त्यांनी काढलेली तसबीर होती. माझ्या वडिलांची. मी तीन वर्षांची असताना ते विषमज्वरानं गेले, मला त्यांचं काहीही आठवत नाही. फोटो एकही नव्हता, असं आई सांगायची. मधल्या घरात, जिथं आम्ही दोघी जेवायचो, तिथं बाबा खुंटीवरून दाराकडं बघत असायचे. शाळेतून आल्यावर मी आधी त्यांना मार्क सांगायची, मग आईला. लहानपणी मला वाटायचं, बाबा माझीच वाट बघताहेत. चित्र कच्चं आहे हे पुढं मला कळलं, पण त्या एका चित्रावर टीका करायचं धाडस मला कधी झालं नव्हतं.

दोन महिन्यांनी वाचनालयाचे चिटणीस नाडगोंडे शाळेत आले. वर्धापनदिनाला इराप्पा पेंटरचा सत्कार ठरला होता. वाचनालयाच्या संस्थापकांची मोठी तसबीरही त्यांनीच काढावी आणि ती दर्शनी भिंतीवर लावावी, अशी घोषणा त्याच दिवशी व्हायची होती. म्हाताऱ्या पेंटरच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम.

"शिंत्रे बाई, तुम्ही त्यातल्या जाणकार," नाडगोंडे म्हणाले. "इराप्पा पेंटर लोकांना एवढे का आवडतात, यावर दहा मिनिटं बोला."

मला हसू आलं. आठ दिवस माझी चित्रं ज्या भिंतींवर धूळ खात पडली, तिथंच या माणसाचं चित्र कायमचं लागणार, आणि त्याची आरती मी ओवाळायची. मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हाच माहीत होतं. जखमेवर मीठ चोळायला कुणी आपल्या पायानं आला तर त्याला रिकाम्या हातानं कशाला पाठवा?

तयारी म्हणून मी घरोघर जाऊन तसबिरी बघितल्या. बाबूराव पोतदारांकडंही गेले. ते वडिलांबरोबर तालुका कचेरीत कारकून होते. त्यांच्या सोप्यात पेंटरची तसबीर होती, आणि तिच्या शेजारी कचेरीतल्या लोकांचा एक जुना फोटो. बाबूरावांनी दुसऱ्या रांगेतल्या मधल्या माणसावर बोट ठेवलं.

"हे तुझे वडील. वळखलं न्हाईस?"

नाही ओळखलं. जबडा तोच, मिशा त्याच. पण तो माणूस कॅमेऱ्यात सरळ बघत होता, डोळ्यांनी कॅमेरा जागेवर खिळवून ठेवल्यासारखा. बाकीचे अकरा जण नुसते बसलेले, आणि हा एकटा बघत असलेला. 

"लई कडक मानूस," बाबूराव म्हणाले. "दत्ताजीराव बघाय लागले की कचेरीत कुनाची मान वर व्हायची न्हाई."

मला अभिमान वाटला. खरंच सांगते, अभिमानानं ऊर भरून आला. आणि त्यापाठोपाठ संताप. पंचवीस वर्षं मी एका मवाळ, अनोळखी माणसाला बाबा म्हणत आले होते. माझ्या बापाची वाघासारखी नजर या पेंटरनं पुसून टाकली, कारण त्याला ती काढता आली नाही. आता तो माझ्या तावडीत सापडला होता.

फोटो मागून घेतला, कोल्हापुरात नेऊन वडिलांचा चेहरा मोठा करून घेतला, तसबिरीच्याच मापाची फ्रेम केली. आईला काही सांगितलं नाही. घरातली तसबीर सत्काराला मांडायची आहे म्हणून उतरवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जपून ने. परत आन."

"तू ये कार्यक्रमाला. पुढं बस. तुझ्यासाठी एक गंमत आहे."

सभागृह भरलं होतं. डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला पुरुष. आई डोक्यावरून पदर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. इराप्पा पेंटर व्यासपीठावर, अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ, आणि शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखे अवघडलेले.

मी बोलायला उठले. सुरुवात गोड केली. पेंटर लोकांना आवडतात, कारण ते सुरकुत्या कमी करतात, देवीचे व्रण घालवतात, ज्यानं जन्मात कोट घातला नाही त्याला कोट घालतात. लोक हसले, पेंटरही हसले. मग मी म्हणाले, "पण चित्रात माणूस कुठं असतो? डोळ्यांत. आणि पेंटरनी आपल्या सगळ्यांच्या माणसांना एकच डोळे दिले. तेही चुकवलेले."

मी टेबलावर आधी घरची तसबीर ठेवली. मग शेजारी फोटो ठेवून वरचं फडकं काढलं.

"हे माझे वडील. हा त्यांचा खरा चेहरा. आणि हा पेंटरनी आम्हाला दिलेला. ज्याला नजर काढता येत नाही तो नजर वळवतो. मंडळी, घरी जाऊन आपापल्या भिंती बघा. तिथं तुमची माणसं नाहीत."

पेंटर उठले, टेबलाजवळ आले आणि फोटोकडं वाकून बघत राहिले. पुष्कळ वर्षांनी एखादा ओळखीचा माणूस भेटावा तसं त्यांनी बघितलं. मग मान वर करून बायकांच्या बाजूला बघितलं, दुसऱ्या रांगेकडं, एकदाच.

"बाई बरोबर बोलतात," ते म्हणाले. "चुकलं माझं. मला डोळं जमत न्हाईत."

त्यांनी शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला. जाताना टेबलावरची तसबीर तेवढी उचलून काखेत मारली. ती आमची होती, पण मला तिचं आता काय कौतुक?

पुरुषांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, "आमच्या म्हाताऱ्याचंबी डोळं तसंच हाईत की." कुणी म्हणालं, "फसवलं की ह्यानं समद्या गावाला." नाडगोंड्यांनी संस्थापकांच्या तसबिरीचा विषय काढलाच नाही. बायकांच्या बाजूनं मात्र चकार शब्द निघाला नाही. ते मला तिथंच खटकायला हवं होतं. मी टाळ्यांची वाट बघण्यात गुंतले होते.

घरी येताना आई झपाझपा पुढं चालत होती. मी त्याच खुंटीवर फोटो लावला.

"कसं वाटतं? खरे बाबा आलेत घरी."

"जेव तू," आई म्हणाली. "मला भूक न्हाई."

पुढचे चार दिवस मी हवेत होते. शाळेत मास्तर लोक मला बघून उठून उभे राहायला लागले. घरात काय चाललंय ते मला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं. आई घरात डोक्यावरून पदर घ्यायला लागली होती. मला आठवतंय तेव्हापासून घरात तिचा पदर खांद्यावर असायचा, बाहेर पडताना तेवढा डोक्यावर जायचा. मी थट्टाही केली, "पाव्हणे आलेत का गं घरात?" जेवायला ती परसात, धुण्याच्या दगडावर ताट घेऊन बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "हितं वारं लागतंय."

पाचव्या दिवशी शाळा लवकर सुटली. दार उघडंच होतं. आई चुलीपुढं भाकरी बडवत होती. मधल्या घराच्या भिंतीवरून चूल समोर दिसते, म्हणजे फोटोतल्या डोळ्यांनाही दिसत होती. आईच्या हातातली भाकरी काठाशी फाटली. जन्मभर भाकरी करणाऱ्या बाईची भाकरी फाटली तर ती पुन्हा मळते, दुसरं काय? पण आईनं ती घाईघाईनं गोळा केली, टोपलीखाली सारली, पदर पुढं ओढला आणि मान खाली घालून बसून राहिली. वाट बघत. कशाची ते मला कळायच्या आधीच मी हाक मारली.

"आई."

ती दचकून उठली. मी आहे असं बघितल्यावर खाली बसली.

"मंदे, त्यो फोटो काढ."

"बाबा आहेत ते, आई."

"व्हय," ती म्हणाली. "तेच हाईत."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. चुलीत एक लाकूड धुमसत होतं, ते तिनं आत सारलं.

"काय करायचे ते?"

"आदी काय करत न्हवते. नुसतं बघायचे. भाकरी बडवताना बघत बसायचे, वाढताना बघायचे. लई येळ. मग उठायचे." तिनं पिठाची परात पुढं ओढली. "मारल्यालं म्या इसारली असतीन. बघितल्यालं इसरत न्हाई."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला बाप पायजे हुता. चित्रातला बरा हुता, त्योच दिला."

मग तिनं बाकीचं सांगितलं, पीठ भिजवता भिजवता. बाबा गेल्यावर आजीनं फरमान काढलं, लेकाचा फोटो मोठा करून मधल्या घरात लावायचा. आई तो घेऊन पेंटरकडं गेली.

"म्हटलं, पेंटर, जसंच्या तसं काढा, डोळं तेवढं वळवा. त्यांनी इचारलं, कुनीकडं? म्हटलं, दाराकडं. जायला निघाल्यासारखं."

जायला निघाल्यासारखं. ज्या डोळ्यांना मी मॅट्रिकपर्यंतचे सगळे मार्क सांगितले ते डोळे कुणाचीही वाट बघत नव्हते. माझ्या आईनं त्यांना घराबाहेर काढलं होतं.

"का म्हून इचारलं न्हाई त्यांनी. फोटो माझ्याम्होरं चुलीत घातला. म्हनले, सासूनं इचारलं तर माझ्या हातनं हरवला म्हना, बाकी कुनी इचारलं तर फोटो न्हवताच म्हना, मीबी तेच म्हनतो. तुझी आजी तसबीर बघून लई वरडली, डोळं तिरकं झालं म्हनून. तवा त्यांनी हात जोडले. म्हनले, चुकलं माझं, मला डोळं जमत न्हाईत."

तेच शब्द. पंचवीस वर्षांनी भर सभेत त्यांनी तेच शब्द काढले होते, आणि दुसऱ्या रांगेत बसून आईनं ते ऐकले होते.

"मग शेजारची गौराक्का आली," आई म्हणाली. "हितंच बसली. बघत राह्यली. म्हनली, आमच्या मामंजींचा असाच काढून घेते, म्हंजे म्होरं बसून घास तर उतरंल. मग तिची भन आली. मग कोन कोन."

गावाला इराप्पा पेंटर का आवडतात, याचं उत्तर आमच्याच मधल्या घरात बसलं होतं. तसबीर लावायचा हुकूम पुरुषांचा नाहीतर सासूचा, पण पेंटरकडं जाऊन 'डोळं वळवा' सांगणाऱ्या घरोघरच्या बायका. घरोघरच्या गेलेल्या सासवाही दाराकडंच का बघायच्या, तेही मग माझ्या डोक्यात शिरलं.

फोटो मी खाली काढला. आईनं काच वेगळी केली, फोटो चुलीत घातला आणि त्यावर उरलेल्या भाकरी भाजल्या. त्या चांगल्या फुगल्या.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरच्या दुकानात गेले. ते पाटावर बसून एका पिठाच्या गिरणीची पाटी रंगवत होते. मी दारातच थांबले. आत भिंतीला टेकवून नऊ तसबिरी ठेवल्या होत्या. गावातल्या पुरुषांनी डोळे सरळ करून द्या म्हणून परत आणून टाकलेल्या. सगळे म्हातारे आणि म्हाताऱ्या दाराकडं बघत होते, म्हणजे माझ्याकडं.

"मला सगळं कळलं," मी म्हणाले. "आईनं सांगितलं."

ब्रश थांबला नाही.

"माझं चुकलं, पेंटर. मी सगळ्यांसमोर सांगते. पुन्हा सभा घेते."

"काय सांगनार?" त्यांनी वळून बघितलं. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. "तुमच्या आईला नवरा मारत हुता, ह्ये सांगनार? का ह्या नऊ घरांतल्या बायकांची नावं वाचनार?"

"तुम्ही तरी बोलायचं होतं."

"माझं चित्र वाईट हाय, एवढंच बोलाय येत हुतं मला. ते बोललो."

"ह्या तसबिरी?"

"डोळं सरळ करनार न्हाई मी. आनि नवीनबी काढनार न्हाई. आता कोन बाई येऊन सांगंल मला, डोळं वळवा म्हनून? तिचा दादला इचारंल, का वळवलं? तुमी समद्यांना शिकवलंय इचारायला."

मी खाली मान घालून आमची तसबीर मागितली.

"ज्येनं काढाय सांगितली त्येनं येऊन न्यावी. तुमाला न्हाई देनार." ते पुन्हा पाटीकडं वळले. "हात चांगला हाय तुमचा, बाई. जावा आता."

त्यानंतर ते बारा वर्षं जगले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि माणसाचं एक चित्र काढलं नाही. पाट्या रंगवत राहिले. मी समोरून आले तर रस्ता बदलायचे. मी जे केलं त्याला माफी नव्हती आणि त्यांनी ती दिलीही नाही.

आई मात्र त्याच आठवड्यात त्यांच्याकडं गेली. तासाभरानं परत आली, रिकाम्या हातानं.

"दिली नाही?"

"देत हुते. म्याच म्हटलं, राहू द्या तुमच्याकडंच." तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. "पंचवीस वर्सं निघालाय जायला. जाऊ दे आता."

मधल्या घरातल्या भिंतीवर नुसती खुंटी राहिली. दोन दिवस आई तिच्याकडं बघत जेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझी ती भाजीवाली कुठाय?"

"माळ्यावर. का?"

"हितं लाव."

"आई, ती सरळ बघते. सारखी बघते. पेंटर म्हणाले होते, तिच्यासमोर जेवता येणार नाही."

"बाई हाय ती. बघंना का. ती काय उठून यायची न्हाई."

मी भाजीवाली काढली, धूळ पुसली आणि खुंटीवर लावली. आईनं समोर पाट मांडला, ताट घेतलं, आणि चित्राकडं बघून बघून सावकाश जेवली.

पुढं बावीस वर्षं ती त्याच जागी बसून जेवत होती. ती जाऊन आता वीस वर्षं होतील. चित्र अजून त्याच खुंटीवर आहे. तशी सरळ नजर माझ्याकडून पुन्हा कधी उतरली नाही, ते माझं सगळ्यात चांगलं काम. मी जेवायला बसते तेव्हा भाजीवालीकडं पाठ करून बसते.